पथ्य घरानं पाळायचं

कल्याण (पश्चिम)

चि. भाचेबुवांस,


परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, मी घरात ओढतच नाही, गॅलरीत उभा राहून ओढतो. मग बाळाला काय होणार?" वर दोन पुरावेही दिलेस. सूनबाई सिगारेटला शिवतही नाही, हा एक. आजीनं जन्मभर मशेरी लावली तरी आम्ही भावंडं धडधाकट निघालो, हा दुसरा. तुला गाडी पकडायची घाई होती म्हणून मी वाद घातला नाही. पण तुझ्या तिन्ही मुद्द्यांना उत्तरं आहेत आणि ती सवडीनं द्यायची आहेत. गाडीत उभ्यानं वाच, नाहीतर रविवारी जेवणं झाल्यावर वाच. फक्त डोहाळजेवणाच्या आधी वाच.

आपल्याकडे कुणाला दिवस गेले की घरातली सगळी वडीलधारी माणसं पथ्यं सांगायला बसतात. पपई खाऊ नकोस, ग्रहणात विळी-सुरी हातात धरू नकोस, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नकोस, बादली उचलू नकोस. सगळी पथ्यं त्या एकटीला. नवऱ्यानं काय थांबवायचं, सासूनं काय सोडायचं, हे कुणी सांगत नाही. आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि इमारतींचे जिने चढण्या-उतरण्यात गेली. त्या जोरावर सांगते, तंबाखूच्या बाबतीत एकट्या बाईला पथ्य सांगून भागत नाही. पुष्कळ घरांत तिच्याकडे सोडण्यासारखं काही नसतंच. ते पथ्य घरानं पाळायचं असतं.

पोट आलेली बाई, हातात सिगारेट आणि त्यावर लाल फुली, अशी चित्रं तू पाहिली असशील. ती परदेशातल्या बायकांना धरून काढलेली. तिकडचा प्रश्नच तसा होता. १९५७ साली कॅलिफोर्नियात डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्या आयांमध्ये अपुऱ्या वाढीच्या बाळांचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. तिथून पुढं तिकडचं बरंचसं संशोधन आईच्या हातातल्या सिगारेटवर झालं. आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया १.४ टक्के निघाल्या. पण मशेरी, तपकीर, पानातली तंबाखू असं काहीतरी तोंडात धरणाऱ्या निघाल्या १६.६ टक्के. पुरुषांत ओढणारे ६ टक्के आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे ३१.७ टक्के.

म्हणूनच गरोदर बाईचं कार्ड भरताना 'सिगारेट ओढता का' असं विचारण्यात काही अर्थ नसायचा. 'तंबाखू खाता का' या प्रश्नालाही बाई ठामपणे 'नाही' म्हणायची, आणि ती खोटं बोलत नसायची. आम्ही मग तिला विचारायचो, 'दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?' सकाळी एकदा, भांडी झाल्यावर एकदा, दुपारी पडण्याआधी एकदा, रात्री जेवल्यावर एकदा, असं ती बोटांवर मोजत सांगायची, तेव्हा कुठे मशेरीची डबी कमरेच्या पिशवीतून बाहेर यायची.

तुझ्या आईचंच बघ. ताई बाजारातून काळी तंबाखू आणते, लोखंडी तवा गॅसवर ठेवते आणि तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली तरी धूर आधी घरभर फिरतो, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. मग ती चुरायची, चाळायची, डबीत भरायची. लावताना डाव्या तळव्यावर चिमूटभर घ्यायची, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं हिरड्यांवर फिरवायची आणि मोरीपाशी उकिडवं बसून निवांत थुंकत राहायचं. दात चार मिनिटांत घासून होतात, पण बोट तोंडातून लवकर निघत नाही. कारण तोवर हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात गेलेलं असतं आणि बरं वाटायला लागलेलं असतं. भाजल्यानं तंबाखूचं विष कमी होतं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जाळलेल्या पानात कर्करोगाला कारण ठरणारी नवी रसायनं तयार होतात. केंद्र सरकारनं १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, ती उगीच नाही. पण घरच्या तव्यावर बंदी घालायला कुठला इन्स्पेक्टर येणार?

सूनबाईनं मला हसत हसत सांगितलं, की मळमळ फार व्हायची तेव्हा ताई म्हणाली होती, 'चिमूटभर लावून बघ, बरं वाटेल.' हे सांगण्यात ताईचा काही दुष्ट हेतू नव्हता. मळमळीवर, बद्धकोष्ठावर, दातदुखीवर मशेरी हा बायकांचा जुना इलाज आहे आणि पुष्कळ बायकांचं पहिलं व्यसन गरोदरपणातल्या मळमळीतूनच सुरू झालेलं असतं. सूनबाईनं लावली नाही. पण शिकलेली, नोकरी करणारी मुलगी असूनही तिला सासूला 'नको' असं सरळ म्हणता आलं नाही; 'मला वासच सहन होत नाही' असं काहीतरी सांगून तिनं वेळ मारून नेली. ज्या घरात ते म्हणायलाही जागा नसते, तिथल्या मुली लावतात.

त्याचं पुढं काय होतं, हे आपल्या मुंबईतच मोजलं गेलं आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा मागोवा घेतला. शंभरातल्या सतराजणी तंबाखू वापरत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरी. उत्पन्न, शिक्षण, वय असे बाकीचे फरक हिशोबात धरूनही या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे २००४ साली छापून आलं.

१०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं तुला वाटेल. मलाही सरासऱ्यांचं फारसं कौतुक नाही. पण आपल्याकडची बाळं अडीच किलोच्या रेषेच्या आसपासच जन्मतात. अडीच किलोच्या खाली गेलं की ते कमी वजनाचं बाळ. त्याला दूध ओढायला ताकद कमी, अंगाची ऊब राखायला चरबी कमी, जंतूंशी लढायला बळ कमी. शिवाय सरासरीच्या पोटात टोकाच्या गोष्टी लपलेल्या असतात. त्याच अभ्यासात ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आणि २८ आठवड्यांच्या आत आठपट दिसला. पोटातच मूल दगावण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के होतं, वापरणाऱ्यांत ८.९ टक्के, हा भाग त्यांनी २००६ साली वेगळा प्रसिद्ध केला. २८ आठवडे म्हणजे सातवा महिना लागतो न लागतो तोच. त्या वेळचं बाळ काचेच्या पेटीत किती दिवस काढतं आणि त्याचं बिल किती होतं, हे तुझ्या कुठल्याही मित्राला विचार.

आता तुझ्या सिगारेटकडे येते. सूनबाई ओढत नाही, मग बाळापर्यंत पोचतं काय? पेटलेल्या सिगारेटमधून धूर दोन वाटांनी निघतो. एक तू आत घेऊन सोडतोस तो. दुसरा झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून आपसूक निघत राहतो तो. हा दुसरा धूर कमी तापमानाला जळून आलेला, कुठल्याही फिल्टरमधून न गेलेला. आजूबाजूच्या माणसांच्या वाट्याला जास्त करून तोच येतो. त्यात निकोटिन असतं आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि ते स्वतः वारेतून पलीकडे बाळाच्या रक्तातही जातं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. तू रोज डोंबिवलीला गाडीत चढतोस तेव्हा कल्याणहून बसून आलेल्यांनी सगळ्या सीट अडवलेल्या असतात. गाडी आहे, डबा आहे, पण तुला बसायला जागा नाही. प्राणवायूचं नेमकं तेच होतं. त्यात आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं रक्त मुळातच कमी असतं. सूनबाईचं हिमोग्लोबिन किती आहे ते तुला ठाऊक आहे का? कार्डावर लिहिलेलं असतं, बघ.

स्वतः न ओढणाऱ्या पण धुरात वावरणाऱ्या गरोदर बायकांवर जगभरात झालेल्या पाहण्या एकत्र करून २००८ साली हिशोब मांडला गेला. बाळाचं वजन सरासरी तीस-चाळीस ग्रॅमनं कमी भरतं, असं त्यात निघालं. २०११ साली तसाच दुसरा हिशोब झाला. त्यात मृत मूल जन्मण्याची जोखीम साधारण २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आईनं स्वतः ओढण्यापेक्षा हे कमीच. पण हे नुकसान जिनं काहीच केलेलं नाही तिच्या पदरात पडतं, म्हणून ते मला जास्त झोंबतं.

आणि तुझी ती गॅलरी! गॅलरी म्हणतोस ती डोंबिवलीतल्या तुमच्या ब्लॉकची गॅलरी मी पाहिली आहे. बिल्डरनं दिली तेव्हा ती गॅलरी होती. नंतर ग्रिल लागलं, सरकत्या काचा लागल्या, मधली भिंत गेली आणि आता तिथं वॉशिंग मशीन आणि तुळशीची कुंडी आहे. काच सरकवून तू तोंड बाहेर काढतोस एवढंच. खाडीवरून वारा आला की धूर हॉलमध्ये, आणि हॉल म्हणजे रात्रीची सूनबाईची झोपायची जागा.

स्वीडनमध्ये २००४ साली अडीच-तीन वर्षांच्या मुलांची लघवी तपासली गेली. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं आणि ते लघवीत मोजता येतं. घरात कुणीच ओढत नाही अशा मुलांच्या तुलनेत, आईवडील घरात ओढतात त्या मुलांत ते पंधरापट होतं. स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली उभं राहून ओढणाऱ्यांच्या मुलांत तिपटीहून जास्त. आणि बाहेर जाऊन, दार घट्ट लावून ओढणाऱ्यांच्या मुलांत? तरीही दुप्पट. म्हणजे बाहेर ओढल्यानं फरक पडतो, पुष्कळ पडतो. पण हिशोब शून्यावर येत नाही. शेवटच्या झुरक्यानंतर काही वेळ श्वासातून धूर येतच राहतो. शर्टावर, मिशीवर, केसांवर, बोटांवर तो बसतो. पडद्यांत, गादीत, सोफ्यात मुरतो. तिथंच उद्या तुझं पोर रांगणार आहे आणि सापडेल ती वस्तू तोंडात घालणार आहे.

पोरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घे. तू मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेतोस. नवं जन्मलेलं बाळ चाळीस ते साठ घेतं. एकाच खोलीतल्या हवेतून ते आपल्या वजनाच्या मानानं तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं आणि उठून दुसऱ्या खोलीत जाणं त्याच्या हातात नसतं. धुराच्या घरातल्या मुलांना दमा बळावतो, न्यूमोनिया आणि श्वासनलिकेचे आजार जास्त होतात, कान फुटतात, आणि झोपेतल्या झोपेत तान्हं बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलनं २००६ साली हे सगळे पुरावे एकत्र करून सांगितलं, की दुसऱ्याच्या धुराचं अमुक एवढं प्रमाण चालेल, अशी सुरक्षित पातळीच नाही. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये जगाचा हिशोब आला: २००४ या एका वर्षात दुसऱ्यांच्या धुरानं सहा लाखांवर माणसं गेली, त्यांतली एक लाख पासष्ट हजार मुलं होती. मुलांचे हे मृत्यू बहुतेक श्वसनाच्या संसर्गानं झाले आणि सर्वांत जास्त आफ्रिकेत आणि आपल्या दक्षिण आशियात.

एमआयडीसीतून रात्री उग्र वास आला की तू व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार टाकतोस, सोसायटीच्या निवेदनावर सही करतोस. करायलाच हवी. फक्त तो वास आला की तुम्ही खिडक्या लावून घेता, आणि तुझा धूर मात्र खिडकीच्या आत असतो.

आता आजीचा पुरावा. आजीनं मशेरी लावली हे खरं आणि आम्ही जगलो हेही खरं. पण जी जगली तीच आज साक्ष द्यायला आहेत. ताईच्या पाठीवर झालेलं आणि माझ्या आधीचं, अशी दोन मुलं गेली; त्यांचं नाव कुणी काढत नाही, म्हणून तुला ती माहीतही नसतील. ती मशेरीनं गेली असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. पटकी होती, धनुर्वात होता, उपास होते, बाळंतपण अंधाऱ्या खोलीत व्हायचं. एवढ्या मरणांत मशेरीचं मरण वेगळं कोण काढणार? २०२० साली तोच आकडा २८ वर आला. लसी आल्या, दवाखान्यातलं बाळंतपण आलं, ओआरएस आलं. जुनी मोठी कारणं हटली म्हणून आता ही उरलेली कारणं डोळ्यांना दिसतात. एका घराच्या आठवणीतून हे कळत नसतं. त्यासाठी हजार-बाराशे बायकांची नोंद ठेवावी लागते, ती त्या मुंबईच्या मंडळींनी ठेवली.

'सरकारनं बंदीच का घालत नाही' हा तुझा आवडता प्रश्न. घातली तेवढी घातली आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ला सार्वजनिक जागी धूम्रपान थांबवायचे आदेश दिले. २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. आम्ही तरुण होतो तेव्हा लोकलच्या डब्यात माणसं बिनदिक्कत विड्या ओढायची आणि गरोदर बाई नाकाला पदर लावून उभी असायची. आता तसं कुणी केलं तर डबा अंगावर धावून जाईल. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ साली बंदी आणली. पण या सगळ्या कायद्यांची हद्द तुझ्या दाराशी संपते. दाराच्या आत तूच कायदा.

आणि कायदा केला की लोक घरात जास्त ओढतील, ही भीतीही खरी ठरलेली नाही. स्कॉटलंडनं मार्च २००६मध्ये सार्वजनिक ठिकाणी बंदी घातली. तोवर दम्यानं दवाखान्यात भरती होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी पाचेक टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दरवर्षी अठरा टक्क्यांनी उतरू लागली. बाहेर ओढायचं नाही अशी सवय लागली की माणसं घरातही आवरतात. घरात येऊन कुणी ओरडून सांगत नव्हतं, तरी मोठे सुधारले. तुझ्या घरी तर बायको शेजारी बसली आहे.

करायचं काय, ते आता सांगते. उपदेश संपला, इथून पुढं कामाचं.

पहिलं तुझं. सिगारेट कमी करतो म्हणू नकोस, तारीख ठरव. डोहाळजेवणाच्या दोन-तीन आठवडे आधीची ठरव, म्हणजे चिडचिडीचे पहिले दिवस सण-समारंभात येणार नाहीत. पहिला आठवडा-पंधरवडा वाईट जातो. झोप उडते, डोकं दुखतं, कुणाच्याही अंगावर खेकसावंसं वाटतं. तल्लफ येते ती मात्र काही मिनिटांची असते; तेवढा वेळ काढला की उतरते. तुझी खरी अडचण आहे स्टेशनबाहेरची टपरी आणि कटिंगबरोबरची सुटी सिगारेट. काही दिवस स्टेशनातून दुसऱ्या पुलानं उतर, चहा घरी येऊन घे. न जमलं तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन कर; २०१८पासून तो तुझ्या पाकिटावरच छापलेला आहे, भयंकर चित्राच्या खाली. निकोटिनचं च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळतं, ते डॉक्टरांना विचारून तू घेऊ शकतोस. वेप घेतो, असं मात्र सांगू नकोस. त्यावर देशात २०१९पासून बंदी आहे आणि त्यातही निकोटिनच असतं. सोडल्याचा फायदा व्हायला वर्षं लागत नाहीत. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणजे तू आज थांबलास तर परवापासून त्या घरातल्या हवेतला तुझा वाटा कमी झाला.

सुटेपर्यंतच्या दिवसांसाठी नियम एकच: घरात नाही, गॅलरीत नाही, जिन्यात नाही, गाडीत नाही. खाली रस्त्यावर जायचं, परत आल्यावर चूळ भरायची, हात-तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, मगच बायकोजवळ किंवा बाळाजवळ जायचं. हा नियम पाळायचा एवढा कंटाळा येईल, की त्यानंही दोन-चार कमी होतील.

दुसरं ताईचं. तिची डबी उचलून कचऱ्यात फेकू नकोस. इतक्या वर्षांची सवय आहे, आणि 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' असं ती म्हणते ते खोटं नाही. निकोटिननं आतडी हलतात, आणि सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतंच. त्याची तयारी आधी ठेव: कोमट पाणी, पपई (ती तिनं खुशाल खावी), पालेभाज्या, इसबगोल. वेळा एकेक करून कमी करायच्या, दुपारची आधी, सकाळची सगळ्यांत शेवटी. तोंडात काहीतरी हवं असतं, तेव्हा बडीशेप किंवा लवंग. भाजणं मात्र आजपासून बंद. घरात तवा चढता कामा नये. आणि दातांच्या डॉक्टरकडे एकदा घेऊन जा, तोंडात आतून काही पांढरा-लाल चट्टा आहे का ते बघून घेतील.

बाळ आल्यावर मशेरीचा आणखी एक धोका असतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही. आजी त्याच बोटानं नातवाच्या हिरड्या चोळते, त्याच हातानं गुटी चाटवते. आणि डबी उशाशी असली तर रांगतं मूल ती उघडतं. तान्ह्या मुलाच्या पोटात थोडीशी तंबाखू गेली तरी ती विषासारखी बाधते. डबी वर, कुलपात. आणि बाळाला घेण्याआधी साबणानं हात.

तिसरं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. रविवारी तुझे मित्र पत्ते खेळायला येतात, मामेसासरे येतात. पाहुण्याला 'ओढू नका' म्हणायचा आपल्याला फार संकोच. ते काम सूनबाईवर टाकू नकोस. तू म्हण, पहिल्यांदाच म्हण आणि दारातच म्हण. आणि बारशाला बाळाला मांडीवर घेणाऱ्याच्या तोंडाला वास येत असला तर बाळ सरळ उचलून घे. कुणी रागावलं तर माझं नाव सांग.

सूनबाईसाठी फार थोडं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तुमचे खासगी डॉक्टर असले तरी रक्त आणि वजन यांची नोंद नीट ठेवा आणि घरात कोण ओढतं, कोण मशेरी लावतं, हेही डॉक्टरांनी न विचारता त्यांना सांगा. बाळ झाल्यावर अंगावरच पाजायचं. आई धुरात असली तर दुधात निकोटिन उतरतं, पण म्हणून पाजणं थांबवायचं नसतं. धूर थांबवायचा असतो.

तुला हे सगळं लांबलचक वाटलं असेल. माझ्या नोकरीत मी हे सगळं बायकांना सांगत राहिले, कारण दुपारी दार उघडायला त्याच घरी असायच्या. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि संध्याकाळी घरात कुणालाही काही बोलू शकायच्या नाहीत. ज्याला सांगायला हवं होतं तो तेव्हा ऑफिसात असायचा. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं लिहिलं आहे. सूनबाईला वाचायला देऊन मोकळा होऊ नकोस. ताईशी मशेरीचं मी आधी बोलते, बहिणीचं ती ऐकेल. तू नंतर बोल. आणि सोडायची तारीख ठरली की मला कळव.

तुझी,
मावशी